शेऱ्याचा रकाना

आभाळाचा रंग बघितला आणि कुंदाबाईंच्या मनाने घेतलं, हे कपडे आता भिजणार.

समाजमंदिराच्या अंगणात सफरचंदाची तीन झाडं होती. कुणीतरी त्यांच्या फांद्यांना हँगर अडकवून कपडे टांगले होते. झगे, फ्रॉक, एक बिनबाह्यांचा लांब पोशाख, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलीला होईल एवढासा एक घागरा. सगळे लाल. वाळत घालून कुणी विसरून गेलं असणार. पलीकडच्या छपरांवरून ढग चढत होते, वारा सुटला होता, आणि रविवारच्या सकाळी जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

“स्पृहा, ही पिशवी धर बघू,” म्हणत कुंदाबाईंनी पदर खोचला आणि पहिला झगा उतरवला.

“आजी, नाइन, नको! ते आपले नाहीयेत!” दहा वर्षांची नात घाबरून इकडेतिकडे बघायला लागली.

“आपले नाहीत म्हणून भिजू द्यायचे? ज्याचे असतील तो दुवाच देईल.”

“पण विचारायचं ना आधी!”

“कुणाला विचारू? झाडाला?”

सातपुड्यातल्या आश्रमशाळेत चौतीस वर्षं काढलेली बाई ती. सर आली की दोरीवरचे दीडशे गणवेश पाच मिनिटांत आत आणायचे आणि संध्याकाळी ज्या मुलीचा तिलाच द्यायचे, यात कुंदाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथे तर अकराच कपडे. बघता बघता बाकावर घड्यांची चळत उभी राहिली, मोठे खाली, लहान वर. घागरा सगळ्यात वर ठेवून त्यांनी त्यावरून हात फिरवला, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

गाडीतून पन्नाशीची एक बाई उतरली. करडी वेणी, अंगात पावसाळी जाकीट, दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या. तिने झाडांकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, मग कुंदाबाईंकडे. खुर्च्या हळूच खाली ठेवल्या.

“पाऊस येतोय,” कुंदाबाई आपल्या पुस्तकी पण स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. “कपडे भिजले असते.”

ती हसत सुटली, इतकी की तिला बाकावर टेकावं लागलं. “पाच वर्षं मी हे करतेय. लोक फोटो काढतात. कुणी विचारतं, विकायला आहेत का. घड्या घालून ठेवणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

तिचं नाव डोरीन. नवरा जवळच्या अमेरिकन लष्करी तळावर विमानांची दुरुस्ती करायचा. ती स्वतः अमेरिकेतल्या मूळच्या लोकांपैकी. बाहेरचे त्यांना नावाहो म्हणतात, ते स्वतःला डिने म्हणवतात. तिकडे या मूळच्या लोकांच्या बायका, मुली, कधी मुलगेही बेपत्ता होतात, मारले जातात, आणि त्यांचा शोध म्हणावा तसा कुणी घेत नाही. म्हणून दर वर्षी पाच मेला, म्हणजे आजच्या दिवशी, ठिकठिकाणी असे लाल कपडे टांगायचे. आत माणूस नाही, नुसता कपडा. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं, हा कुणाचा, आणि मग तिचं नाव सांगायचं.

“हा कुणाचा?” स्पृहाने लगेच घागऱ्याकडे बोट दाखवलं.

“माझ्या आत्याच्या मुलीचा. आम्ही दोघी एवढ्या होतो तेव्हा आत्याने आम्हाला असे घागरे शिवले होते. ती हरवली तेव्हा एकोणीस वर्षांची होती.” डोरीनने घागरा उचलून हँगरला लावला. “पोलिसांच्या कागदावर वंशाचा रकाना होता. त्यात कुणीतरी ‘इतर’ लिहिलं. आमच्या हरवलेल्यांच्या यादीत ती कितीतरी वर्षं नव्हतीच.”

रकाना. कुंदाबाईंना तो शब्द खड्यासारखा लागला. एकेक घडी मोडून त्यांनी डोरीनच्या हातात द्यायला सुरुवात केली.

“भिजले तरी चालतील?” शेवटचा झगा देताना त्यांनी विचारलं.

“चालतील. सुकतात परत.” मग डोरीन सहज म्हणाली, “तुमच्या देशातही मूळचे लोक आहेत ना? डोंगरातले? त्यांच्या मुली हरवतात का?”

कुंदाबाई हँगर सरळ करत राहिल्या.

“आमच्या वर्गाची वेळ झाली,” त्या म्हणाल्या.

समाजमंदिर हा शब्द कुंदाबाईंचा. पाटीवर ‘बुर्गरहाउस’ होतं, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठी बांधलेला साधा हॉल. दोन महिन्यांपूर्वी मुलाकडे आल्या, सुनेने आपल्या मराठीच्या वर्गाला त्यांना नेलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी त्याचं समाजमंदिर करून टाकलं. आता पोरंही तेच म्हणत. वर्ग दर रविवारी दहा ते बारा. सून, ऋचा, आठवडाभर एका संशोधन संस्थेत काम करून थकलेली असायची. “आई, तुम्ही आहात तोवर तुम्हीच शिकवा ना,” ती म्हणाली होती, आणि कुंदाबाईंना तर तेच हवं होतं. सामानात त्यांनी चकली-चिवड्यासोबत एक लांबोडकं हजेरीपत्रक आणलं होतं, तांबड्या कापडाच्या पाठीचं. या पोरांना ते फार आवडायचं. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, याची त्यांना कोण मजा वाटायची.

त्या दिवशी दारातच पालकांची कुजबुज चालू होती. वेदचे वडील विष्णू सगळ्यांत पुढे. गाड्यांच्या गिअरचे इंजिनिअर, बोलणंही दात्यात दाता अडकवल्यासारखं.

“काकू, बाहेर बघितलंत? मर्डर वगैरे लिहिलंय झाडाला लावलेल्या कार्डावर. सव्वाबाराला ती बाई नावं वाचणार म्हणे, आपल्यालाही बोलावलंय. मी म्हणतो, सुटताना पोरांना मागच्या दाराने काढू या.”

“मागे कचऱ्याचे डबे आहेत,” ऋचा म्हणाली.

“असू देत. डब्यांनी झोप नाही उडत पोरांची. आणि आपला काय संबंध? अमेरिकेतलं ते अमेरिकेत.”

“आपण कुठे जर्मनीतले आहोत, विष्णू? तरी गणपती बसवतोच की,” कुणीतरी मागून म्हणालं, आणि हशा झाला.

ऋचाने सासूकडे पाहिलं. “अहो आई, तुम्हीच सांगा.”

“बाराला बघू,” कुंदाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. हातातल्या पर्समध्ये फोन होता, आणि फोनमध्ये एकोणीस दिवसांपूर्वीचा एक निरोप. त्या पर्सचं वजन त्यांना आज जास्तच जाणवत होतं.

निरोप रायली पावराचा होता. धडगावच्या पुढे डोंगरात मोहबारी नावाचा पाडा, तिथली ही मुलगी. आश्रमशाळेत ती दुसरीत होती तेव्हा तिची मोठी बहीण सुमली सातवीत, कुंदाबाईंच्याच वर्गात. रायली आता नर्स झाली होती. तिने लिहिलं होतं:

“नमस्कार बाई. ताईची केस एका वकीलबाईंनी पुन्हा हातात घेतली आहे. पोलीस म्हणतात, शाळेच्या कागदावर ‘कुटुंबासह स्थलांतरित’ लिहिलंय, म्हणजे ती घरच्यांबरोबर होती, शाळेतून हरवलीच नाही. बाई, आम्ही त्या वर्षी कुठेच गेलो नव्हतो. तुम्ही एक पत्र द्या, की ती नोंद चौकशी न करता केली होती. पुढच्या महिन्यात आठ तारखेला बुधवारी साहेबांपुढे ठेवायचं आहे.”

निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा तिकडे गेल्या होत्या. उत्तर गेलं नव्हतं.

उत्कर्षला, मुलाला, त्यांनी एकदा जेवताना ओझरतं सांगितलं होतं. “आता कशाला, आई?” तो म्हणाला. “तू लिहून दिलंस तर सगळं तुझ्याच अंगावर येईल. आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार आहे तुझा. मुख्याध्यापकांनी सांगितलं, तू लिहिलंस. तुझी काय चूक?” ते ऐकायला बरं वाटलं होतं. चार दिवस पुरलं.

वर्गात आठ मुलं होती. फळ्यावर तारीख लिहून कुंदाबाईंनी हजेरी घेतली. नावं त्या पुकारायच्या, खुणा स्पृहा करायची; या महिन्याची मॉनिटर ती होती.

“रुद्र.”

“हजर!”

“वेद.”

“हिअर!”

“हा वेद कुणी जर्मन मुलगा आहे का रे? मला आपला वेद हवाय.”

“हजर, हजर, हजर!”

“एकदाच असशील तेवढा पुरे. अपूर्वा.”

कुणी बोललं नाही. स्पृहाने ‘गै’ लिहिलं आणि पेन्सिल थांबवली. “आजी, अपूर्वाचा हा चौथा गैरहजर. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू?”

मागे कधीतरी बोलता बोलता कानावर आलं होतं, की अपूर्वाच्या वडिलांना म्युनिकला नोकरी लागतेय. कुंदाबाई फळ्यावर रेघा आखत होत्या. मान न वळवता, चौतीस वर्षांच्या सवयीने त्या म्हणाल्या, “लिही, स्थलांतरित.”

“कसं लिहायचं?”

“स ला थ जोडायचा. स्थ. ल ला अनुस्वार, काना…”

“स्थ-लां…” स्पृहा जीभ बाहेर काढून लिहायला लागली. “म्हणजे काय?”

“एका गावाहून दुसऱ्या गावी राहायला गेलेली.”

“आल्झो, उमगेत्सोगन. घर बदललं.” पेन्सिल परत थांबली. “मग नवा पत्ता काय तिचा?”

“पत्ता कशाला हवा?”

“घर बदललं की आनमेल्डुंग करतात ना, आजी! ऑफिसात जाऊन नवा पत्ता सांगायचा, मग ते कागद देतात. आपण वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर आलो ना, तेव्हासुद्धा पप्पांनी केलं. पत्ता नाही, तर ती गेली हे तुला कसं माहीत?”

“कुणीतरी म्हणत होतं.”

“कोण?”

कुंदाबाई वळल्या. “आठवत नाही.”

“तू फोन केलास तिला?”

“नाही.”

“मग तुला माहीत नाहीये,” स्पृहा म्हणाली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. बेरीज चुकली की ती असंच सांगायची. “मग इथे ‘माहीत नाही’ असं लिहायला पाहिजे.”

“गेनाऊ,” रुद्रने दुजोरा दिला. बरोबर आहे म्हणे!

कुंदाबाई खुर्चीत बसल्या. हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला, तो घरंगळत गेला, वेदने झेलला. आश्रमशाळेतही पत्त्याचा कागद असतोच की. पोर दुसरीकडे गेलं, तर तिकडची शाळा दाखला मागवते. दाखला गेल्याशिवाय तिकडे नाव चढत नाही. सुमलीचा दाखला पंधरा वर्षांत कुणीही मागितला नव्हता. ही गोष्ट कुंदाबाईंना माहीत नव्हती असं नाही. त्यांनी ती कधी स्वतःला विचारली नव्हती.

“फोन दे माझा,” त्या स्पृहाला म्हणाल्या. “पर्समध्ये आहे.”

अपूर्वाची आई, सुलेखा, तिसऱ्या घंटीला फोनवर आली. कुंदाबाईंनी आवाज मोठा केला, सगळी मुलं टेबलाभोवती गोळा झाली.

“म्युनिकला? छे हो काकू! हे एकटेच गेले होते, मुलाखतीला. तिथली घरभाडी ऐकून परत आले. ही घरीच आहे. ट्रॅम्पोलीनवर पाय मोडून घेतलाय हिने. ग्रुपवर टाकायचं राहूनच गेलं बघा माझं.”

मग फोन अपूर्वाकडे गेला. तिचा आवाज फुगलेला होता.

“चार रविवार झाले, आजी. कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, तुम्ही माझं नाव काढून टाकलं.”

“नाही गं बाळा. नाव आहे तुझं. हे काय, सहा नंबरला आहे.”

“खरंच?”

“हो. चूक माझी झाली. मी विचारायला हवं होतं.”

सगळ्या मुलांनी एकदम ओरडून तिला प्लास्टरचा रंग विचारला, हिरवा होता, आणि फोन संपला. स्पृहाने खोडरबरने ‘स्थलां’ खोडलं आणि त्या जागी नीट लिहिलं, ‘पाय मोडला’. कागदावर जुन्या अक्षरांची पुसट खूण राहिली.

कुंदाबाई त्या खुणेकडे बघत बसल्या. पोरं चुळबुळायला लागली तेव्हा त्यांनी वही मिटली.

“आज धडा नको,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला एक खरी गोष्ट सांगते. तीतसुद्धा एका मुलीच्या पुढे मी हाच शब्द लिहिला होता.”

लहान मुलांना अवघड गोष्ट सांगायची कुंदाबाईंची एक रीत होती. आवाज चढवायचा नाही, उतरवायचाही नाही, आणि मूल जेवढं विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं.

“सुमली तिचं नाव. सुमली रायसिंग पावरा. पावरा म्हणजे आदिवासी, डोंगरातले मूळचे लोक. आम्ही सपाटीवरचे लोक तिथे नंतर गेलो. बारा वर्षांची होती. पाढे गाण्याच्या चालीवर म्हणायची. मी तिला मराठी शिकवायची, ती मला तिची पावरी बोली. माझं चुकलं की कमरेवर हात ठेवून म्हणायची, ‘बाई, परत म्हणा.’”

मुलं हसली.

“दिवाळीच्या सुट्टीला ती घरी गेली. सुट्टी संपली तसं बापाने तिला जीपमध्ये बसवून दिलं शाळेत यायला. ती शाळेत पोचली नाही. आम्हाला वाटलं, घरीच राहिली. घरच्यांना वाटलं, शाळेत आहे.”

“फोन?” रुद्रने विचारलं.

“त्या डोंगरात तेव्हा फोन लागत नव्हता. पण चालत जाता येत होतं. चार तासांची वाट. मी गेले नाही.” कुंदाबाईंनी वही बाजूला सारली. “तिकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी गुजरातेत जातात. पोरंही जातात बरोबर. तपासणी जवळ आली होती. पटावर गैरहजर फार दिसायला नकोत, असं मुख्याध्यापक म्हणाले. म्हणून मी सुमलीच्या पुढे शेरा लिहिला, कुटुंबासह स्थलांतरित. माझं अक्षर फार चांगलं होतं.”

“मग?”

“मग होळी आली. त्यांचा तो सगळ्यांत मोठा सण. बाप तिला न्यायला आला, नवीन कपडे घेऊन. म्हणाला, ‘सुमलीला सोडा बाई, होळीला नेतो.’”

बाहेर पावसाचे थेंब पत्र्यावर पडायला लागले होते.

“मग पोलीस?” स्पृहाने हळू विचारलं.

“गेला तो पोलिसांकडे. त्यांनी आमचं रजिस्टर बघितलं. म्हणाले, यात लिहिलंय पोरगी तुमच्याबरोबर होती. तो शिकलेला नव्हता. कागदापुढे त्याचं काय चालणार? दोन वर्षं तो एकटाच शोधत फिरला. अजून सापडली नाही.”

“ती मेली?” वेदने विचारलं.

“माहीत नाही, बाळा. तेच खरं उत्तर आहे. माहीत नाही.”

सगळ्यांत धाकटी ईशा कुंदाबाईंच्या मांडीला येऊन टेकली. त्या तिचे केस नीट करायला लागल्या. मग वेद म्हणाला, “बाहेर ती बाई नावं वाचणारे ना? ती सुमलीचं पण वाचेल का?”

बाराला पालक आले. विष्णूंनी बाहेरूनच मागच्या दाराकडे हात केला. वेद त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“बाबा, आपण थांबणार आहोत.”

“कशाला?”

“आजींच्या वर्गातली एक मुलगी हरवलीये. तिचं नाव पण वाचायचंय.”

विष्णूंनी चमकून कुंदाबाईंकडे पाहिलं. “काकू, हे काय सांगितलंत पोरांना?”

“खरं ते सांगितलं. रागावू नका विष्णू. रात्री झोप उडाली त्याची, तर मला फोन करा, मी बोलेन त्याच्याशी. पण मागच्या दाराने मी एकदा गेलेय. आज पुढच्या दाराने जाते.”

विष्णूंनी मुलाचं जाकीट उचललं, झटकलं, आणि त्याला घालायला मदत करायला लागले.

बाहेर भुरभुर चालू होती. लाल कपडे भिजून जड झाले होते, वाऱ्याने हलत नव्हते. डोरीनच्या खुर्च्यांवर वस्तीतले सहा-सात जर्मन लोक आणि तळावरच्या दोन बायका छत्र्या घेऊन बसल्या होत्या. मराठी वर्गाची आठ पोरं आणि त्यांचे आईबाप आले तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. डोरीनने एकेका कपड्यापाशी उभं राहून नाव घेतलं, वय सांगितलं, कुठली ते सांगितलं. भाषण केलं नाही. घागऱ्यापाशी तिने नाव दोनदा घेतलं.

अकरा नावं झाल्यावर कुंदाबाई पुढे गेल्या.

“सकाळी तुम्ही मला विचारलंत,” त्या डोरीनला म्हणाल्या. “मी उत्तर दिलं नाही. हो, आमच्याकडेही हरवतात. एक माझ्या वर्गातली होती. तिचं नाव घेऊ का?”

डोरीनने बाजूला होऊन जागा दिली.

झाडापाशी उभं राहून कुंदाबाईंनी नाव पुकारलं, जसं रोज पुकारायच्या तसं, खणखणीत आणि शेवटच्या अक्षरावर किंचित लांबवून. “सुमली रायसिंग पावरा.” पुकारल्यावर सवयीने त्या थांबल्या. हजेरी घेताना शिक्षक जेवढा थांबतो, तेवढंच. समोरची आठ मुलं त्यांच्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत कुठल्याही नावाला कोणी ना कोणी ‘हजर’ ओरडायचंच, गंमत म्हणून का होईना. आज कुणी ओरडलं नाही.

लोक पांगले तेव्हा ऋचा जवळ आली. सासूचा हात तिने हातात घेतला.

“आई, तुम्ही हे आम्हाला कधीच…”

“उत्कर्षला सांगितलं होतं थोडंसं. सगळं नव्हतं सांगितलं.” कुंदाबाईंनी फोन बाहेर काढला. “ऋचा, मला आत अर्धा तास बसू दे. एक पत्र लिहायचंय. बुधवारच्या आत पोचायला हवं.”

“तुमच्यावर काही आलं तर?”

“येऊ दे. मला विचारायला कुणी आलं, तर माझा पत्ता आहे त्यांच्याकडे.”

आतल्या रिकाम्या वर्गात, लहान मुलांच्या बुटक्या टेबलापाशी गुडघे आखडून बसून कुंदाबाईंनी पत्र लिहिलं. हजेरीपत्रकाचंच एक कोरं पान त्यांनी त्यासाठी फाडलं. समोर स्पृहा हनुवटी टेकून बसली होती. शाळेचं नाव, वर्ष, इयत्ता, मुलीचं पूर्ण नाव. मग: ‘सदर विद्यार्थिनीच्या नावापुढील “कुटुंबासह स्थलांतरित” ही नोंद माझ्या हस्ताक्षरात असून ती…’ इथे त्यांनी लिहिलं, ‘वरिष्ठांच्या सूचनेनुसार’.

“हे काय?” स्पृहाने बोट ठेवलं.

“म्हणजे मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून.”

“पण फोन तू केला नाहीस. म्हणजे, चालत तू गेली नाहीस.”

“हो.”

‘वरिष्ठांच्या सूचनेनुसार’ कुंदाबाईंनी तसंच ठेवलं, कारण तेही खरं होतं. पण पुढे नवं वाक्य लिहिलं: ‘मी स्वतः घरी जाऊन अथवा अन्य मार्गाने कोणतीही चौकशी केली नाही. विद्यार्थिनीच्या दाखल्याची मागणी आजतागायत कोणत्याही शाळेकडून आलेली माझ्या माहितीत नाही. कुटुंब स्थलांतरित झाल्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे तेव्हा नव्हता व आजही नाही.’ खाली सही केली, सहीखाली लिहिलं, ‘वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी’. फोटो काढला आणि रायलीला पाठवला.

तिकडे दुपारचे साडेचार झाले असतील. दोन मिनिटांत फोन वाजला. पडद्यावर रायली दिसली, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, मागे कुडाची भिंत. आज घरीच आलेली दिसत होती.

“मिळालं, बाई.” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही नाही देणार.”

“उशीर केला मी. एकोणीस दिवस केला. आणि पंधरा वर्षं.”

“बाई, बाबा इथेच आहेत. मी वाचून दाखवणार होते, पण ते म्हणतात, ज्यांनी लिहिलंय त्यांनीच वाचावं.”

फोन हलला. पडद्यावर आता एक म्हातारा माणूस होता, डोक्याला पंचा, गालफडं बसलेली. कुंदाबाईंना त्याचे फक्त डोळे ओळखू आले. होळीच्या आदल्या दिवशी शाळेच्या पायरीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन तो उभा होता, तेव्हा हेच डोळे होते.

“रायसिंगभाऊ,” त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली.

कुंदाबाईंनी चष्मा पुसला आणि पत्र वाचलं. सरकारी शब्द आले तिथे थांबून सोप्या मराठीत सांगितलं. ‘कोणतीही चौकशी केली नाही’ पाशी त्या म्हणाल्या, “म्हणजे भाऊ, मी तुमच्या घरी आले नाही. कुणाला विचारलं नाही. तुम्ही कुठे गेला नव्हता, हे तुमचं खरं होतं. माझं लिहिलेलं खोटं होतं.”

पलीकडे कोंबडी कुठेतरी कुरकुरली. रायलीने बापाच्या खांद्यावर हात ठेवलेला दिसला. रायसिंगभाऊ पडद्याजवळ सरकले. मग त्यांनी एक बोट वर केलं.

“बाई,” ते म्हणाले, “परत वाचा.”

कुंदाबाईंनी कागद सरळ धरला आणि वरून, तिच्या नावापासून, परत वाचायला घेतलं.